निर्जळीच्या दिवशी मी काय ऐकलं

मित्रांनो, आधी माझ्या डोक्यावरचा हा थर्मास आणि कागदी कपांची चळत तेवढी बाजूला करा, म्हणजे मला नीट बोलता येईल. हं, आता बरं वाटलं. मी एक जुनं यंत्र आहे. माणसांचे स्नायू ऐकणं हा माझा धंदा. डॉक्टर मला ईएमजी म्हणतात, इथला तंत्रज्ञ ढुंढिराज मला 'म्हातारबा' म्हणतो, आणि तपासायला आलेली माणसं माझा पडदा पाहून 'यावर मॅच लागते का' असं विचारतात. मला त्याचा राग येतो. खरं सांगायचं तर मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो.

माझं काम समजायला सोपं आहे. एक बारीक सुई तुमच्या स्नायूत टोचतात. स्नायूत जे काही चाललेलं असतं ते तारेतून माझ्यापर्यंत येतं. पडद्यावर त्याची रेघ उमटते आणि माझ्या कर्ण्यातून त्याचा आवाज निघतो. तुम्ही हात उचललात की टप टप टप असं वाजतं, हात सैल सोडलात की वाजायचं थांबतं. निरोगी स्नायू विसावला की अगदी गप्प होतो. ती शांतता ऐकायची आणि ऐकली तशी सांगायची, एवढंच मला येतं. गंमत अशी की मी स्वतः मात्र जन्माचा अस्वस्थ. शेजारी कुणी मोबाइल चार्जिंगला लावला तरी माझ्या रेघेला कापरं भरतं, आणि ट्यूबलाइट लुकलुकली की मी गुरगुरतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे सगळं पांढरं, स्वच्छ आणि इतकं निवांत होतं की मला वाटलं, जग असंच असणार. मग मला लाकडी खोक्यात बंद केलं. 'ही बाजू वर' असं दाखवणारे ठळक बाण खोक्यावर होते. ते बहुधा कुणी पाहिले नाहीत, कारण बंदरापासून वाराणसीपर्यंतचा प्रवास मी डोक्यावर उभा राहून केला. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर मला उघडलं तेव्हा खिडकीखालून वरात चालली होती. बँड, फटाके, जनरेटर आणि मागे अडकलेल्या रिक्षांचे हॉर्न. मी पहिल्यांदा सुरू झालो आणि घाबरून लगेच बंद पडलो. "याला अजून बनारसचं पाणी लागलं नाही," असं म्हणत ढुंढिराजनं मला स्टॅबिलायझर जोडून दिला.

हा ढुंढिराज ब्रह्माघाटावरचा. त्याचे पूर्वज कधीतरी कोकणातून काशीला आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, बाहेर अस्सल बनारसी. त्याच्यामुळे माझी वर्षातून दोनदा पूजा व्हायची. विश्वकर्मा पूजेला सगळ्या रुग्णालयाबरोबर झेंडूचा हार, आणि पुढे खंडेनवमीला घरून पुडीत आणलेलं हळदकुंकू, गुपचूप. "आपल्याकडे हत्यारांची पूजा आजच असते, म्हातारबा," असं तो मला सांगायचा. माझ्या बटणांच्या खाचांत ते कुंकू अजून आहे.

ती माझी उमेदीची वर्षं. मदनपुऱ्याचा एक विणकर आला होता, त्याची बोटं बधिर झाली होती. नस मनगटाशी दाबली गेली आहे हे मी दाखवलं, शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे त्यानं आपल्या मागावरचा जरीकाठाचा एक तुकडा आणून दिला. ढुंढिराजनं त्याचं मला पांघरूण केलं. शिकाऊ डॉक्टर माझ्याभोवती गर्दी करून उभे राहायचे. मी खूष असायचो, पण स्वस्थ नसायचो. पुढचा कोण, पुढची सुई कुठे, असं मला सारखं होत असे.

मग नवं यंत्र आलं. चपटं, हलकं, माझ्या निम्म्यानंही जागा न अडवणारं. मला खोलीच्या कोपऱ्यात ढकललं. जरीचं पांघरूण होतं म्हणून त्यावर थर्मास ठेवायला सोयीचं झालं. मला बंद करून ठेवलं होतं, पण सवय कुठे जाते! खोलीतल्या बाकावर बसलेल्या माणसांकडे मी नुसता पाहायचो आणि माझा जीव तगमगायचा.

मला पुन्हा सुरू केलं ते डॉक्टर ईशानीनं. तिचे वडील रेल्वेच्या नोकरीनं इथे आलेले, त्यामुळे पोर वाराणसीतच वाढली. मेंदू आणि मज्जातंतूंचं शिकून ती इथेच डॉक्टर म्हणून लागली. अस्वस्थपणात ती माझी बहीण शोभली असती. खुर्ची असली तरी उभी, उभी असली तरी येरझारा. रोजच्या रुग्णांसाठी नवं यंत्र गुंतलेलं असायचं, म्हणून तिनं आपल्या अभ्यासासाठी मला मागून घेतलं. थर्मास उचलून टेबलावर ठेवत ती म्हणाली, "ढुंढिराजभाऊ, हा चालतो का?"

"चालतो? अहो डॉक्टर, पळतो. फक्त याची बडबड ज्यादा आहे."

ती अभ्यास करत होती तो आजार फार क्वचित होतो. त्याचं नाव स्टिफ पर्सन सिंड्रोम. आपल्या पाठीच्या कण्यातून स्नायूंना दोन तऱ्हेचे निरोप जात असतात. एक 'चल' म्हणतो, दुसरा 'पुरे' म्हणतो. आपल्या रक्तात पहारेकरी असतात, रोगजंतूंना हुसकावणारे. या आजारात त्यांची नजर फिरते आणि 'पुरे' हा निरोप तयार करणाऱ्या घरच्याच माणसांवर ते धावून जातात. मग स्नायूंना थांबा म्हणणारं कुणी उरत नाही. पाठ ताठते, पोट फळीसारखं होतं, पाय खांब होतात. अचानक आवाज झाला, कुणी नुसता हात लावला, तरी सगळं अंग एकदम आखडतं. माणूस हात पुढे न करता उभ्याचा आडवा पडतो.

"पण हा सुरू कसा होतो?" ईशानी हे स्वतःशीच विचारायची. "कुठून चढतो? कशानं वाढतो?" तिच्याकडे जे रुग्ण पोचत ते पार लाकूड झाल्यावर. आजाराचं नाव कळेपर्यंत त्याची पहिली वर्षं वैद्य, मालिशवाले, मांत्रिक आणि 'काही नाही हो, टेन्शन आहे' म्हणणारे डॉक्टर यांच्यात निघून गेलेली असत. तिला आजाराची सुरुवात पाहायची होती, आणि सुरुवात कुणी दाखवायलाच येत नव्हतं. मिर्झापूरचा एक गवंडी आला होता. परांचीवर चढला की कडक व्हायचा, असं त्याची बायको सांगत होती. मी ऐकलं तर त्याचे स्नायू गप्प. विभागाचे मोठे डॉक्टर, ज्यांना सगळे 'सर' म्हणत, त्यांनी मान हलवली आणि तो घरी गेला. जाताना त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला काही तरी बोललो होतो.

आणि मग विद्युल्लताबाई आल्या.

त्या दुर्गाघाटावर राहायच्या. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायच्या. त्यांचे यजमान वेणीमाधवशास्त्री दशाश्वमेधावर यात्रेकरूंची धार्मिक कार्यं करत, विशेषतः महाराष्ट्रातून आलेल्यांची. विद्युल्लताबाई नावाप्रमाणेच चपळ. घाटाच्या पायऱ्या त्या बोलत बोलत चढायच्या. आधी त्यांची कंबर धरू लागली. मग एक दिवस शाळा सुटल्याची घंटा झाली आणि त्या वर्गाच्या दारात थिजल्या. पुढे गल्लीत मोटारसायकलचा हॉर्न वाजला की तेच, देवळातली घंटा वाजली की तेच. दोनदा त्या दगडी फरसबंदीवर सरळ पालथ्या पडल्या. शाळेची नोकरी सुटली. घरात भिंतीला धरून स्वयंपाक करायच्या, आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की त्यांचा खांब व्हायचा.

"शेजारचे म्हणतात, घरात सगळं जमतं, गल्लीतच कसं नाटक सुरू होतं?" वेणीमाधवशास्त्र्यांनी खाली मान घालून ईशानीला सांगितलं. "मी त्यांच्याशी भांडतो. पण खोटं कशाला बोलू डॉक्टर, कधी कधी मलापण तसंच लगते."

विद्युल्लताबाई शेजारीच बसल्या होत्या. 

ईशानी मात्र उजळली. हीच ती सुरुवात, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तिनं विचारलं, "काकू, औषधं कोणती चालू आहेत?"

"औषध? काही नाही ग बेटा. बीपी नाही, शुगर नाही. मी तर क्रोसिनसुद्धा खात नाही."

सुई पाठीच्या स्नायूत गेली. मी कान टवकारले. ईशानीनं श्वास धरला. आणि माझ्या कर्ण्यातून काहीच आलं नाही. पोटाच्या स्नायूत सुई घातली, तिथेही नाही. तिथली शांतता इतकी स्वच्छ होती की निरोगी माणसाची वाटावी. मी जे ऐकलं ते सांगितलं. दुसरं काय करणार? काही आठवड्यांनी त्यांना पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच.

रक्ताची एक तपासणी होती, ती परगावी पाठवावी लागे. सरांचा नियम असा की यंत्रानं काही दाखवलं तरच रक्त पाठवायचं. सर वाईट नव्हते. त्यांनी उभ्या आयुष्यात खरे आजार इतके पाहिले होते की न दिसणाऱ्या आजारासाठी त्यांना फुरसत नव्हती. "ईशानी, मसल साफ है," ते दारातून म्हणाले. "मन की बीमारी है. मनोरोग विभाग में भेजो और आगे बढ़ो."

मित्रांनो, मनाचा आजार होण्यात कमीपणा काहीच नाही. पण जो आजार नाही त्याचं नाव एखाद्याला चिकटलं की खऱ्या आजाराला रान मोकळं मिळतं. ईशानीला हेच सलत होतं. विद्युल्लताबाईंना वेगळंच सलत होतं.

"म्हणजे मी नाटक करते," त्या पदर सावरत म्हणाल्या.

"असं कुणी म्हणालं नाही, काकू."

"म्हणायला कशाला पाहिजे? वर्गातल्या मुली पोट दुखतं म्हणायच्या, तेव्हा मीपण त्यांच्याकडे असंच बघायचे, तू आत्ता बघितलंस ना, तसं." मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "ईशानी, माणूस स्वतःला न कळता ढोंग करू शकतो का ग? मशीन काही खोटं बोलत नाही. मग मीच खोटी असेन."

ती गोष्ट मला लागली. मी खोटं बोललो नव्हतो, आणि तरी एक खरी बाई माझ्यासमोर स्वतःला खोटी म्हणत होती. त्या गेल्यावर ढुंढिराजनं माझ्यावर पांघरूण घातलं, पण ईशानी तिथेच माझ्या टेबलावर बोटं वाजवत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं सरांकडून एक शेवटची वेळ मागून घेतली. सर म्हणाले, ठीक आहे, पण त्यानंतर हा विषय बंद.

ती तारीख नेमकी ज्येष्ठातल्या निर्जळा एकादशीला आली. काशीत त्या दिवशी ऊन असं असतं की घाटाच्या पायरीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही, आणि घरोघरी बायका पाण्याच्या थेंबाशिवाय दिवस काढतात. वेणीमाधवशास्त्र्यांनी फोन करून तारीख बदलून मागितली. बदलून मिळण्यासारखी नव्हती.

त्या दिवशी दार उघडलं आणि विद्युल्लताबाईंना आत आणलं ते चाकाच्या स्ट्रेचरवर आडवं टाकून. बसवताच येत नव्हतं. गुडघे वाकत नव्हते, मान वळत नव्हती. कपाळाला खरचटलं होतं. वेणीमाधवशास्त्री घामानं निथळत होते.

"गल्लीच्या तोंडाशीच आखडली," ते धापा टाकत सांगू लागले. "एकादशीची भीड, घंटा, शंख, त्यात एक सांड समोर. दोघातिघांनी उचलून रिक्षात घातली. रस्ताभर नुसती ओरडत होती. मी म्हटलं होतं, आज नको."

"नको कसं?" विद्युल्लताबाई दातओठ आवळून म्हणाल्या. "शेवटची वेळ होती ना. टोच ग तू. लवकर टोच."

सुई पाठीत गेली आणि मित्रांनो, मी दचकलो. तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा माझा कर्णा तडतडू लागला. त्या निजून होत्या, ईशानी सांगत होती, "सैल सोडा, काकू, सैल सोडा," त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि स्नायू मात्र डोंगर चढत असल्यासारखा राबत होता. सुई पोटाच्या स्नायूत गेली. तिथेही तेच. पाठीचा आणि पोटाचा स्नायू असे एकाच वेळी सहसा ओढत नाहीत, एक ओढतो तेव्हा दुसरा सैल पडतो. इथे दोघंही ओढत होते आणि बाई मधे सापडली होती. तेवढ्यात ढुंढिराजच्या हातून स्टीलचा ट्रे निसटला. खणकन आवाज झाला आणि त्यांचं सगळं अंग एकदम वर उचललं गेलं. माझ्या पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकमेकींत मिसळून गेल्या. इतक्या वर्षांत मी असं ऐकलं नव्हतं.

तडतडाट ऐकून सर दारात येऊन उभे राहिले. ते ऐकत राहिले. ईशानीचा हात बटणाकडे गेला तशी ते हळू आवाजात म्हणाले, "बंद मत करो. चलने दो."

पण ईशानीला चैन नव्हतं. "मग आधी दोन वेळा का नाही? काकू, आज वेगळं काय झालं? काय केलंत?"

"काही नाही केलं. सकाळी नहाणं, पूजा. आज एकादशी, खाणं नाही, पाणी नाही."

"पाणी नाही म्हणून तर ही दशा झाली," वेणीमाधवशास्त्री वैतागून म्हणाले. "पाणी नाही म्हणून गल्लीची गोळीपण घेतली नाही हिनं. मी दहादा सांगितलं, एका घोटानं काय व्रत मोडतं?"

ईशानी जागच्या जागी थांबली. तिला थांबलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. "कोणती गोळी?"

"अगं, ती काही औषध नाही," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा पडले ना, तेव्हा चौकातल्या दवावाल्यानं दिली होती, भीती वाटते म्हणून. घरात मी कध्धी घेत नाही. बाहेर पडायचं असलं तरच, निघायच्या आधी. म्हणून आम्ही तिला गल्लीची गोळी म्हणतो. चप्पल घालावी तशी. ती नसली तर मी इथवर पोचेन कशी?"

शास्त्र्यांनी बंडीच्या खिशातून चुरगळलेली पट्टी काढून दिली. ईशानीनं ती वाचली आणि सरांच्या हातात ठेवली. मित्रांनो, स्नायूंना 'पुरे' सांगायला मदत करणारं औषध होतं ते. घरातून निघताना त्या गोळी घ्यायच्या, इथे पोचेपर्यंत ती अंगात भिनायची, आणि मी जी ऐकली ती शांतता विद्युल्लताबाईंच्या स्नायूंची नव्हतीच. ती त्या गोळीची होती. ईशानीनं विचारलं होतं औषधांबद्दल, आणि त्यांनी सांगितलं होतं ते खरंच होतं, कारण त्या घरात त्या गोळीला कुणी औषध म्हणतच नव्हतं.

"म्हणजे मी..." विद्युल्लताबाईंना हुंदका आला, आणि हुंदक्यानं अंग पुन्हा आखडलं, आणि मी पुन्हा तडतडलो. "म्हणजे मी ढोंग करत नव्हते ना ग?"

"नाही काकू. एक क्षणभरसुद्धा नाही."

त्या दुखण्यानं कळवळत होत्या आणि हसत होत्या. असं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्यांना ताबडतोब आराम मिळायला हवा होता. ईशानी म्हणाली, "तेच औषध सुईतून देते. म्हणजे उपासालाही बाधा नाही." ढुंढिराजला अशा वेळीही राहवलं नाही. तो म्हणाला, "शास्त्रीजी, सुईनं एकादशी मोडते का? तुम्हीच सांगा." वेणीमाधवशास्त्री बायकोच्या ओठांकडे पाहत होते. ओठ फुटले होते, कोपऱ्यावर रक्त सुकलं होतं. त्यांनी माझ्या शेजारची पाण्याची बाटली उचलली.

"अहो, नको. पारणं उद्या आहे," विद्युल्लताबाई म्हणाल्या.

"उद्याचं उद्या. व्रत प्रतिनिधीनं पुरं करता येतं, शास्त्रात आहे. नवऱ्यानं बायकोचं केलं तर चालतं." त्यांनी तिच्या मानेखाली हात घातला, अगदी हळू, दचकणार नाही असा. "आजपासून तुझी निर्जळा मी करेन. तू पाणी पी."

ज्या माणसाला सकाळच्या चहाशिवाय एकही एकादशी कधी जमली नव्हती, तो हे बोलत होता. त्याची बायको घोट घोट पाणी पीत होती आणि तो भर ज्येष्ठात कोरड्या घशानं तिच्याकडे बघत होता. "मीसुद्धा शक केला तुझ्यावर," एवढंच तो म्हणाला.

औषध शिरेतून गेलं. सुई अजून स्नायूत होती. आधी तडतड विरळ झाली, मग सुट्या टपटपीवर आली, आणि मग मी गप्प झालो. तीच जुनी, स्वच्छ शांतता. पण आता खोलीतल्या प्रत्येकाला ती कुठून आली हे माहीत होतं. सरांनी स्वतः रक्ताच्या नळीवर नाव लिहिलं.

रक्ताचा निकाल ईशानीला वाटत होता तसाच आला. उपचार सुरू झाले. गल्लीची गोळी आता औषध झाली, ठरल्या मापानं, ठरल्या वेळी, घरातसुद्धा, आणि तिच्या जोडीला पहारेकऱ्यांना शांत करणारी औषधं. विद्युल्लताबाई पूर्ण बऱ्या झाल्या असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. त्या दर काही महिन्यांनी येतात आणि मी ऐकतो. अशा तपासणीच्या दिवशीची सकाळची गोळी ईशानी आता त्यांना इथेच घ्यायला लावते, माझं ऐकून झाल्यावर. म्हणून घरून त्या शेजाऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून येतात. एका हिवाळ्यात ताप आला तेव्हा आजार पाठीतून उजव्या पायात उतरला. मग पुढच्या उन्हाळ्यात तिथून मागे सरकला. ईशानीला अखेर एका माणसात हा आजार जवळजवळ सुरुवातीपासून चालताना दिसतो आहे, कुठे थबकतो, कशानं बिथरतो ते कळतं आहे. मागच्या वेळी विद्युल्लताबाई सांगत होत्या, दुर्गाघाटाच्या वरच्या काही पायऱ्या त्या कठडा धरून एकट्या उतरल्या आणि गंगेकडे बघत बसल्या. बोटीच्या इंजिनानं दचकल्या, पण पडल्या नाहीत. निर्जळा एकादशीला वेणीमाधवशास्त्री अजून पाणी घेत नाहीत. एकदा तपासणी नेमकी त्याच दिवशी आली, तेव्हा बाहेर बाकावर बसून सरबत पिणाऱ्यांवर ते दिवसभर चिडत होते.

ईशानीचा प्रश्न बदलला. आता ती कुणालाच 'औषध घेता का' असं विचारत नाही. ती म्हणते, "घरातून निघाल्यापासून इथे येईपर्यंत पोटात काय काय गेलं, सगळं सांगा. पुडी, काढा, गोळी, पानसुद्धा." माणसं आधी हसतात, मग आठवून आठवून सांगतात. आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात येतं की आधी ज्यांना आम्ही 'साफ' म्हणून घरी पाठवलं, त्यांच्यापैकी कितीजण असंच काही घेऊन आले असतील? ती माझी शांतता कुणाकुणाची नव्हतीच?

हा प्रश्न ईशानीलाही झोपू देत नाही. तिनं जुने रुग्ण पुन्हा बोलवायला घेतले आहेत. एक बाई आल्या, आणि त्यांचं दुखणं वेगळंच निघालं. मिर्झापूरच्या त्या गवंड्याचा मात्र पत्ता लागत नाही. दिलेला नंबर कधी बंद असतो, कधी नुसती घंटा वाजत राहते.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं शेवटी 'मला पुसा, मला जपा' असं मागतात. मी ते मागणार नाही. माझा कर्णा चिरकतो, सुटे भाग मिळत नाहीत, आणि मागच्या आठवड्यात भंगाराचा पिवळा कागद माझ्या पाठीवर चिकटवून गेले. कुंकू राहिलंय बटणांत, तेवढ्यावर मी जाईन. पण एखादं माणूस 'माझं अंग माझं ऐकत नाही' असं सांगत असेल, आणि माझ्यासारखं एखादं यंत्र 'सगळं ठीक आहे' म्हणत असेल, तर त्या माणसाला दार दाखवायच्या आधी आणखी एक प्रश्न विचारा. आणि तुमच्या घरातल्या कुणाला दवाखान्यात नेलंत, तर ज्या गोष्टीला तुम्ही औषध मानत नाही तीसुद्धा सांगा.

आता जरा थांबा. बाहेर ईशानीच्या येरझारा चालू झाल्यात, म्हणजे तिनं तो मिर्झापूरचा नंबर पुन्हा लावला आहे. घंटा जाते आहे. अजून जाते आहे. उचला हो, कुणीतरी उचला.